थायलंडमध्ये कमी खर्चात पोटभर आणि चांगलं कसं खायचं

थायलंडला जाऊन आलेल्या आपल्या लोकांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "व्हेज काही मिळतच नाही, शेवटी इंडियन हॉटेलातच जेवलो" आणि "खाण्यावर फारच खर्च झाला." दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: भूक लागल्यावर जागा शोधायला लागणं. तोवर दुपारचे अडीच वाजलेले असतात, ताज्या आणि स्वस्त जेवणाची दुकानं आवरलेली असतात, आणि समोर उरतं ते फोटोंचं मेनूकार्ड दारात लावलेलं पर्यटकांचं हॉटेल. तिथे दुप्पट पैसे देऊन साधारण जेवण मिळतं.

तिथलं स्वस्त खाणं आणि चांगलं खाणं बहुतेक वेळा एकाच टपरीवर असतं. फक्त तिथपर्यंत योग्य वेळी, योग्य तयारीनं पोहोचावं लागतं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं वाचा. पहिले दोन घरी बसूनच उरकायचे आहेत.

भाव बँकॉकचे आणि अंदाजे आहेत. एक बात (तिथलं चलन) म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. बेटांवर आणि फुकेतच्या किनाऱ्यावर सगळंच महाग, उत्तरेकडच्या च्यांग माईत थोडं स्वस्त.

१. घरी: काय खायचं नाही ते आधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. "व्हेज" एवढं सांगून तिथे भागत नाही. समोरचा माणूस मनापासून हो म्हणतो, मांसाचे तुकडे वगळतो आणि सवयीनं फिश सॉस घालतो. त्याच्या दृष्टीनं ते मिठासारखं आहे. तेव्हा पदार्थात लपलेल्या गोष्टी नावानिशी माहीत हव्यात:

- नाम प्ला: फिश सॉस. परतलेल्या भाज्या, सॅलड, ऑम्लेट, सगळीकडे.
- नाम मान होय: ऑयस्टर सॉस. हिरव्या पालेभाजीच्या परतणीत जवळजवळ नेहमीच.
- कापि: कोळंबीची आंबवलेली पेस्ट. लाल, हिरव्या करीच्या वाटणातच असते, त्यामुळे नंतर काढता येत नाही.
- कुंग हॅंग: सुकट. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये आणि पॅड थाय म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये.
- प्ला रा: आंबवलेल्या माशाचं पाणी. ईशान्येकडच्या पद्धतीच्या सोम ताममध्ये.
- पिवळट, मऊ, गोल कापांचं टोफू: यात अंडं असतं. पांढरं, चौकोनी टोफू घ्या.

रश्श्याच्या नूडल्समधून मांस काढायला सांगून ते शाकाहारी होत नाहीत. रस्सा हाडांचाच असतो.

शुद्ध शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ही खूण असते आणि लांबून ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसते. जे जेवणात मांस, मासे, अंडं आणि दूध नसतं, शिवाय कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या मंडळींना याहून सोयीचं तिथे काही नाही. जैन पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं, कारण मुळा, गाजर, बटाटा, अळकुड्या जे जेवणात चालतात. "मांगसाविरात" हा दुसरा शब्दही शाकाहारीसाठीच आहे, पण त्यात अंडं चालतं आणि फिश सॉसबद्दल दुकानदार सैल असतात. शंका असेल तर "जे"च म्हणा.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस जे उत्सव असतो. बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो, अधिक महिन्याच्या हिशोबामुळे कधी पुढे सरकतो. त्या दिवसांत रस्तोरस्ती पिवळे झेंडे लागतात, फुकेतला तर सर्वांत जास्त. शाकाहारी माणसानं तारखा पाहून तिकीट काढलं तर सहल फार सुखाची होते.

मांसाहारी असाल तरी यादी हवीच. "नूआ" म्हणजे गोमांस, "मू" म्हणजे डुकराचं मांस. बोट (म्हणजे होडी) नूडल्स नावाच्या पदार्थाच्या काळपट रश्श्यात अनेकदा रक्त घालतात. बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर तिथे विचारल्याशिवाय वाटी उचलू नका. हलाल खूण असलेल्या दुकानात पोर्क नसतं, पण बीफ असू शकतं.

आता फोनमध्ये ही वाक्यं भरा:

- किन जे: जे खातो/खाते
- माय साय नाम प्ला: फिश सॉस घालू नका
- माय साय नाम मान होय: ऑयस्टर सॉस घालू नका
- माय साय नूआ सात: कुठलंही मांस घालू नका
- माय किन नूआ: बीफ खात नाही
- साय सी इव: सोया सॉस घाला
- फेत नॉय: थोडंच तिखट
- वान नॉय: गोड कमी
- थाव राय: किती झाले?

वाक्याच्या शेवटी पुरुषांनी "ख्राप" आणि बायकांनी "खा" जोडायचं. थाई बोलण्यात सुराला फार महत्त्व आहे, आपल्या तोंडून शब्द चुकीच्या सुरात जातो आणि समोरच्याला कळत नाही. म्हणून हीच वाक्यं थाई लिपीत, मोठ्या अक्षरांत, एका स्क्रीनशॉटवर ठेवा. गूगल ट्रान्सलेटमधली थाई भाषा ऑफलाइन उतरवून घ्या. पाट्या कॅमेऱ्यानं वाचता येतात.

*तपासा:* इंटरनेट बंद करून स्क्रीनशॉट उघडून पाहा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो आहे का?

२. घरी: बुकिंग आणि डबा

हॉटेल बुक करताना नाश्त्यासह आणि नाश्त्याशिवाय असे दोन्ही दर पाहा. फरक माणशी दीडशे बातच्या वर असेल तर नाश्ता सोडा. बाहेर पन्नास-साठ बातमध्ये त्याहून ताजं मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र नाश्ता घेतलेला बरा. सकाळी मुलांना उपाशी फिरवण्यात बचत नाही.

घरून थेपले, भाजणीचे वडे, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी एवढं पुरतं. चटणी विशेष उपयोगी: साधा भात ("खाव प्लाव") दहा-पंधरा बातला मिळतो आणि अडचणीच्या दिवशी मेतकूट-चटणी-भातावर निभावतं. फळं, भाज्या, बियाणं आणि मांसाचे पदार्थ सामानात नेऊ नका, त्यांच्यावर निर्बंध आहेत.

ग्रुप टूरने जाणार असाल तर कुठलं जेवण टूरमध्ये आणि कुठलं स्वतःचं, हे वेळापत्रकावर आधीच खुणा करून ठेवा. "फ्री इव्हिनिंग" लिहिलेल्या संध्याकाळी लोक सर्वांत महाग जेवतात.

३. उतरल्यावर: सुटे पैसे

टपरीवर क्यूआर कोड दिसेल आणि बरं वाटेल, पण तो थाई बँकखात्यांसाठी असतो. आपल्या यूपीआयच्या भरवशावर रांगेत उभे राहू नका. रोख लागते आणि तीही सुटी.

परदेशी कार्डाला तिथली बहुतेक एटीएम दर वेळी २२० बात किंवा त्याहून जास्त शुल्क लावतात. म्हणजे एका वेळी हजार बात काढले तर पाचवा हिस्सा शुल्कातच गेला. थोडे-थोडे काढू नका. मशीननं रक्कम रुपयांत वळवून द्यायची तयारी दाखवली तर नकार द्या, दर वाईट असतो. रोख बदलायची असेल तर बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, रेल्वे लिंकच्या बाजूचे काऊंटर वरच्या मजल्यांपेक्षा चांगला दर देतात.

हजाराची नोट टपरीवाल्याला देऊ नका. आधी सेव्हन इलेव्हन या साखळी दुकानात पाण्याची बाटली घेऊन ती मोडा.

*तपासा:* रोज सकाळी खिशात २०, ५० आणि १००च्या नोटा मिळून माणशी चारशे बात. चांगलं खाऊनही एवढ्यात दिवस निघतो: नाश्ता ५०, दुपारचं ७०, रात्रीचं १२०, फळं ४०, चहा-कॉफी-पाणी ६०. उरलेले साठ चुकून आवडलेल्या कशासाठी तरी.

४. दिवसाचं घड्याळ पाळा

जागेपेक्षा वेळ महत्त्वाची, हे माझं ठाम मत आहे. तेच दुकान सकाळी साडेदहाला उत्तम आणि दुपारी तीनला टाळण्यासारखं असतं.

सकाळी ६ ते ९: रस्त्यावर गरम सोया दूध, पातोंगो म्हणजे मैद्याचे तळलेले तुकडे, तांदळाची पेज म्हणजे जोक. पेजेत सहसा डुकराच्या मांसाचे गोळे असतात, विचारून घ्या. आपल्या अप्पेपात्रासारख्या तव्यात नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे खानोम क्रोक करतात. काहींवर मका, काहींवर कांद्याची पात. गरमच खायचे.

सकाळी १० ते दुपारी १: खाव कॅंग, म्हणजे भात आणि तयार भाज्या-रश्श्यांचं दुकान. मुख्य जेवण याच वेळी उरका.

दुपारी २ ते ४:३०: रस्ता रिकामा. मॉलचं फूड कोर्ट किंवा फळं.

संध्याकाळी ५ नंतर: रात्रीचे बाजार. बँकॉकमध्ये सोमवारी अनेक फेरीवाले सुट्टीवर असतात, त्या रात्रीसाठी फूड कोर्ट राखून ठेवा. च्यांग माईत शनिवारी वुआ लाय रस्त्यावर आणि रविवारी था फे दरवाजापासून आत बाजार भरतो. बाकीच्या रात्री च्यांग फुआक दरवाजाजवळ जा. फुकेत जुन्या गावात रविवारी थालांग रस्त्यावर.

५. दुकान निवडण्याची रीत

रांग बघा, पण रांगेत कोण आहे तेही बघा. गणवेशातले विद्यार्थी, दवाखान्यातल्या नर्स, मोटारसायकल टॅक्सीवाले नारिंगी जाकिटात उभे असतील तर थांबा. बँकॉकमध्ये नदीपलीकडचा वांग लांग बाजार यासाठी फार चांगला, सिरिराज रुग्णालयाला लागूनच आहे आणि तिथला सगळा कर्मचारीवर्ग तिथेच जेवतो. खाव सान रस्त्यावरचं पॅड थाय मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक जिभेला आणि खिशाला कळतो.

भावाची पाटी नसेल तर बसण्याआधी "थाव राय" विचारा. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ७ टक्के कर बिलात वर चढणार, हे धरून चाला.

भारतीय जेवणच हवं असेल तर सुखुमवितवरची हॉटेलं सोडून पाहुरातला, बँकॉकच्या भारतीय वस्तीत जा. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरही असतो. डोकं झाकून, पंगतीत बसून जेवा आणि जमेल ते दानपेटीत टाका.

६. खाव कॅंगच्या काऊंटरवर

ही जागा नीट समजून घेतली की अर्ध्या सहलीचा प्रश्न सुटतो. काचेमागे किंवा ओट्यावर स्टीलचे पंधरा-वीस ट्रे मांडलेले असतात. भाषा लागत नाही, बोट दाखवायचं. बाई ताटलीत भात घेते आणि वर डावानं घालते. एक पदार्थ घेतला तर चाळीस-पन्नास बात, दोन घेतले तर पन्नास-साठ, वर तळलेलं अंडं दहा.

क्रम असा ठेवा:

1. ताटली हातात येण्याआधी सगळे ट्रे एकदा पुढून मागून बघा.
2. एक रश्श्याचा, एक कोरडा असे दोनच निवडा. तीन-चार घेतले की ताटलीत सगळ्यांची एकच चव होते.
3. तिखटाचा अंदाज रंगावरून लावू नका. गडद तांबूस मसामान रस्सा सौम्य आणि शेंगदाणे घातलेला असतो, तर दक्षिणेकडचा पिवळा कॅंग सोम (आंबट रस्सा) डोळ्यांतून पाणी काढतो.
4. टेबलावरची काकडी, चवळीच्या लांब शेंगा, पाला हे दक्षिणेच्या दुकानांत बहुधा फुकट असतं. तिखटावर तोच उतारा.

हे जेवण पहाटे शिजवलेलं असतं आणि गरम ठेवलेलं नसतं. म्हणूनच दुपारी एकच्या आत. ट्रेच्या कडेला साय धरलेली, रस्सा आटून तेल वेगळं झालेलं दिसलं तर पुढच्या दुकानात जा.

*सावध:* साध्या खाव कॅंगवर शुद्ध शाकाहारींनी "भाजीच तर आहे" म्हणून बोट दाखवू नये. नुसत्या कोबीतही फिश सॉस असतो. पिवळ्या पाटीची जे दुकानं नेमकी याच पद्धतीची असतात, तिथे सगळे ट्रे डोळे मिटून घ्या. ती दुकानं मात्र लवकर संपतात, अकराच्या आत पोहोचा.

७. कढईवाल्याकडे ऑर्डर

सांगाल तसं करून देणारी दुकानं म्हणजे "आहान ताम सांग". समोर भाज्या, टोफू, अंडी मांडलेली आणि मागे पेटलेली शेगडी. शाकाहारी माणसाला इथे सर्वांत जास्त वाव आहे, पण एक अट: सगळं कढई तापण्याआधी सांगून व्हायला हवं. लसूण-मिरची तेलात पडल्यावर पुढच्या काही सेकंदांत तीन बाटल्यांमधून तीन धारा आत जातात. हात सवयीचा आहे, थांबणार नाही. मध्येच "नो फिश सॉस" म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो.

म्हणून आधी स्क्रीनशॉट दाखवा, मग पदार्थ सांगा. उदाहरणार्थ: पॅड क्रापाव ताव हू (तुळशीच्या जातीच्या पाल्यात परतलेलं टोफू), माय साय नाम प्ला, माय साय नाम मान होय, साय सी इव. किंवा फात फाक रुआम, म्हणजे मिश्र भाज्यांची परतणी, त्याच अटींवर. फिश सॉस आणि ऑयस्टर सॉसच्या बाटल्यांकडे बोट दाखवून हातानं "नको" करा आणि मान डोलेपर्यंत थांबा. पिवळ्या जे खुणेची मशरूम सॉसची बाटली दिसली तर तीच दाखवा.

अंडं खात असाल तर खाय चियाव, म्हणजे भातावर कुरकुरीत ऑम्लेट, हा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त पदार्थ. फेटण्याआधीच नाम प्ला नको म्हणून सांगा.

जास्त भूक असेल तर "फिसेत" म्हणा, दहा-वीस बात जास्त देऊन मोठी ताटली येते. दोन साध्या ताटल्यांपेक्षा ही परवडते.

*तपासा:* ताटली आल्यावर आधी वास घ्या, मग मिसळा. टेबलावरच्या चार बरण्यांपैकी मिरच्या तरंगणाऱ्या तपकिरी पाण्यात फिश सॉस असतो. व्हिनेगर, साखर आणि मिरचीपूड चालेल.

एक मान्य करावं लागतं: कढई तीच असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी फक्त जे दुकानातच जेवावं.

८. फूड कोर्ट

पाऊस, ऊन, थकलेली मुलं, यांवर हा उपाय. काऊंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, स्टॉलवर दाखवायचं, उरलेले पैसे परत घ्यायचे. अशोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलमधलं पिअर २१ भावाच्या बाबतीत रस्त्याच्या बरोबरीचं आहे, तेही एसीत बसून. पट्टायाच्या टर्मिनल २१ मध्येही पिअर २१ आहे. माणशी शंभर बात भरून सुरुवात करा. शिल्लक परत न घेता निघून जाणं ही नेहमीची चूक.

९. मासे खाणाऱ्यांसाठी: वजनाची पाटी

कोकणातल्या, मालवणच्या माणसाला फुकेतला बर्फावरचे मासे पाहून राहवत नाही आणि तिथेच मोठं बिल होतं. पाटीवर १२० लिहिलेलं असतं, आपण अख्खा मासा १२० बातला समजतो. तो भाव असतो एका "खीत"चा, म्हणजे १०० ग्रॅमचा. आठशे ग्रॅमचा मासा ९६० बातला पडला.

क्रम: भाव खीतचा की किलोचा ते विचारा. मासा स्वतः निवडा. काटा शून्यावर असल्याचं पाहून समोर वजन करून घ्या. शिजवण्याचे पैसे वेगळे का, ते विचारा. एकूण रक्कम फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्यालाच टाईप करायला लावा. त्यानंतरच मासा आत जाऊ द्या.

१०. फळं, पाणी, सेव्हन इलेव्हन

कापलेली फळं वीस ते चाळीस बातला पिशवी. बरोबर मीठ-साखर-मिरचीची पुडी मिळते, पेरूवर ती छान लागते. आंबा मार्च ते मे, मँगोस्टीन, रामबुतान आणि ड्युरियन साधारण मे ते जुलै. ड्युरियन हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, बहुतेक ठिकाणी दंड असतो. मँगोस्टीनच्या सालीचे डाग चादरीवरून जात नाहीत, त्यालाही अनेक हॉटेलांत बंदी आहे.

नळाचं पाणी पिऊ नका. वस्तीच्या गल्ल्यांत पाणी भरायची मशीनं असतात, साधारण एक बातला लिटर. रिकामी बाटली जवळ ठेवा. मधे भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेला, बेढब बर्फ टाळा.

सेव्हन इलेव्हन चोवीस तास उघडं असतं: केळी, सोया दूध, जे खुणेचे "मामा" कंपनीचे पाकिटातले नूडल्स, गरम पाणी तिथेच. रात्री उशिरा उतरलात तर हेच जेवण. पण रोजचं जेवण तिथे करू नका, त्याच पैशात बाहेर ताजं मिळत असताना पाकिटातलं कशाला खायचं?

११. परतीच्या दिवशी

सुवर्णभूमीवर चेक-इन करून सरळ आत गेलात तर पाणीसुद्धा महाग. त्याआधी पहिल्या मजल्यावर, ८ नंबरच्या दाराजवळच्या मॅजिक फूड पॉइंटला जा. विमानतळावरचे कर्मचारी जेवतात ते हेच. तिथेही आधी पैसे भरून मग स्टॉलवर जायचं असतं. उरलेली नाणी इथेच संपवा, कारण आपल्याकडे ती कुणी बदलून देत नाही. भरलेल्या पैशांतली शिल्लकही वर जाण्याआधी काऊंटरवर परत मागून घ्या.